आरएमएसडी कमी आला म्हणजे प्रथिनं सारखीच? आमचे सरही हेच म्हणायचे

तुमचा प्रश्न असा: हिस्टोन एच३ (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो त्यांपैकी एक प्रथिन) आणि सेन्ट्रोमिअरवरचं, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं त्या जागेवरचं, त्याचं भावंड सेन्प-ए यांच्या रचना एकमेकांवर बसवल्या, आरएमएसडी, म्हणजे जोडीच्या अणूंमधल्या अंतरांची एक प्रकारची सरासरी, एक अँगस्ट्रॉमच्या (साधारण अणूएवढ्या अंतराच्या) आत आला. मग प्रोजेक्टमध्ये ‘रचनेत लक्षणीय फरक नाही’ असं लिहिलं तर चालेल का? आणि सॉफ्टवेअर कोणतं वापरू?

नाही चालणार. सॉफ्टवेअर कुठलंही वापरा.

खरं तर मी इथे फक्त वाचायला येतो. पण हे वाक्य जसंच्या तसं माझ्या एमएस्सीच्या प्रबंधात आहे, म्हणून राहवलं नाही. टाइप मीच केलंय, पण माझं नाही ते.

२०१२ साल. पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहावरून दोन फायली उतरवल्या: १एओआय, म्हणजे लुगर आणि रिचमंड मंडळींचा १९९७ चा न्यूक्लिओसोम (हिस्टोनांच्या गठ्ठ्याभोवती गुंडाळलेला डीएनए), आणि ३एएन२, म्हणजे जपानच्या कुरुमिझाका गटाचा सेन्प-ए असलेला न्यूक्लिओसोम, २०११ चा. तेव्हा तो अगदी ताजा होता. रात्री हॉस्टेलवर पायमॉल हे रचना दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून दोन्ही प्रथिनांच्या साखळ्या एकावर एक बसवल्या. एच३ हिरवा, सेन्प-ए नारिंगी. मधली लांब हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखा वळलेला भाग, इतकी तंतोतंत बसली की कोणता रंग कुठला कळेना. पण पहिल्या लूपपाशी, म्हणजे दोन हेलिक्सना जोडणाऱ्या धाग्यापाशी, आलो तर नारिंगी धागा बाहेर फुगलेला, स्वेटरचा एक टाका ओढला जाऊन वर यावा तसा. सेन्प-ए मध्ये तिथे दोन अमिनो आम्लं जास्त आहेत, ८० वर आर्जिनिन आणि ८१ वर ग्लायसिन. सुरुवातीची अल्फा-एन हेलिक्स एच३ पेक्षा आखूड. आणि सेन्प-ए च्या रचनेत डीएनएच्या १४७ बेस-जोड्यांपैकी मधल्या १२१ च दिसतात. दोन्ही टोकांच्या तेरा-तेरा इतक्या सैल की क्ष-किरणांवरून काढलेल्या नकाशात उमटल्याच नाहीत.

सकाळी लॅपटॉप घेऊन धावत गाइडकडे. सरांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. “आकडा किती? एकच्या आत? मग झालं तर. नुसत्या डोळ्यांनी दिसतं त्याला सायन्स म्हणत नाहीत.” मी लूपबद्दल परिच्छेद लिहिला होता, त्यावर लाल पेनाने आडवी रेघ. व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं विचारलं, “रचना सारखी, तर मग पेशीला ही दोन प्रथिनं वेगळी कशी कळतात?” मी सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे पाहत होते.

पुढे नोकरीत एकदा पायमॉलचा आउटपुट सावकाश वाचला आणि डोकंच फिरलं. ‘अलाइन’ कमांड मुळात पाच फेऱ्या करते आणि दर फेरीत, जे अणू आपल्या जोडीदारापासून फार लांब पडतात त्यांना बाद करते. शेवटी छापते तो आकडा उरलेल्यांचा! आकड्याच्या वरच्याच ओळींत लिहिलेलं असतं की पहिल्या फेरीत इतके अणू ‘रिजेक्टेड’, दुसरीत इतके. त्या ओळी आमच्यापैकी कुणीच वाचल्या नव्हत्या. शिवाय जास्तीच्या आर्जिनिन-ग्लायसिनला एच३ मध्ये जोडीदारच नाही, त्यामुळे ते हिशेबात येतच नाहीत. न दिसणारी डीएनएची टोकं तर सोडाच. नापास झालेल्या पोरांची नावं पटावरून काढायची आणि मग शंभर टक्के निकाल म्हणून पेढे वाटायचे, तसला प्रकार.

आणि तो लूप म्हणजे शोभेची वस्तू नाही. २००४ मध्येच दाखवून झालं होतं की सेन्प-ए चा पहिला लूप आणि दुसरी हेलिक्स एवढाच तुकडा एच३ मध्ये बसवला, तरी ते संकरित प्रथिन सेन्ट्रोमिअरवर जाऊन बसतं. माझ्या प्रबंधाच्या आठ वर्षं आधी. पुढे सेन्प-एन या प्रथिनासोबतच्या रचना आल्या, तर ते पकडतं कुठे? त्याच आर्जिनिन-ग्लायसिनच्या फुगवट्याला. तुमचे गाइड ऐकत नसतील तर हे दोन मुद्दे त्यांच्यासमोर ठेवा. ईमेलवर ठेवा, म्हणजे नंतर पंख्याकडे बघता येणार नाही.

तुमच्या कामाचं सांगायचं तर ‘अलाइन’ला ‘सायकल्स’ शून्य द्या, म्हणजे कुणी बाद होणार नाही, आणि आधीचा व हा असे दोन्ही आकडे लिहा, किती अणूंवर काढलेत त्यासकट. त्याहून बरं म्हणजे एकच आकडा न देता प्रत्येक अमिनो आम्लापाशी सी-अल्फांमधलं (त्यातल्या मधल्या कार्बन अणूंमधलं) अंतर काढून आलेख करा, लूप आपोआप डोकं वर काढेल. जोड्या क्रमांकावरून लावू नका, आधी सिक्वेन्स जुळवा. एच३ मध्ये पहिला मेथिओनिन मोजत नाहीत, सेन्प-ए मध्ये मोजतात, आणि लूपनंतर तर गाडी दोन घरं सरकते.

आता सरांच्या बाजूनेही थोडं. हिस्टोन फोल्ड, म्हणजे घडीचा मूळ आकार, दोघांत एकच आहे, यात वाद नाही, आणि आरएमएसडी तेवढं प्रामाणिकपणे सांगतो. १एओआय चं रिझोल्यूशन २.८ अँगस्ट्रॉम आहे, ३एएन२ चं ३.६ (आकडा मोठा तितकं चित्र धूसर). त्या रिझोल्यूशनला लूपमधल्या अमिनो आम्लांच्या साइड चेनवर फार भरवसा टाकू नका. शिवाय स्फटिकात शेजारचा रेणू टेकला तरी लूप वाकतो. म्हणून आधी १एओआय मधल्याच ए आणि ई साखळ्या एकमेकांवर बसवून पाहा. दोन्ही एच३ च आहेत, तरी आलेख सपाट येणार नाही. तिथे जेवढा फरक दिसेल तेवढा सेन्प-ए च्या आलेखात दिसला तर त्यावर बोलू नका. लूपपाशी त्याहून जास्त दिसेल, तिथे बोला. हे मला व्हायवाच्या आदल्या रात्री सुचायला हवं होतं.