सहाव्या दिवशी काय झालं, ते आधी विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ६१ वर्षांचे, साताऱ्यात राहतात, बायपासला अडीच महिने झाले. कार्डिॲक रिहॅबची, म्हणजे हृदयरुग्णांनी केंद्रात देखरेखीखाली करायच्या व्यायामाची, आठवड्याला तीन अशी बारा आठवड्यांत ३६ सत्रं सांगितली होती. सहा झाली आणि त्यांनी जाणं सोडलं. "मी घरी चालतोच की, तिथे वेगळं काय करतात?" असं म्हणतात. आईही त्यांच्याच बाजूने बोलते, आणि तुम्ही ठाण्याहून फोनवर रागावून थकलात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गेली १४ वर्षं याच कामात आहे. पहिली विनंती, त्यांना आळशी म्हणू नका. आळशी माणूस पहिल्याच दिवशी येत नाही. सहा वेळा येऊन थांबलेला माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो, आणि आपल्याकडचे वडीलधारे पुरुष भीती बोलून दाखवत नाहीत. ते म्हणतात, "आता मला बरं वाटतंय."

आमच्याकडे कोरेगावच्या बाजूचे एक शेतकरी यायचे. सातव्या सत्रानंतर आलेच नाहीत. आम्ही फोन केला की पाऊस, पेरणी, पाहुणे असं काहीतरी कारण सांगायचे. तीन आठवड्यांनी मुलगा जबरदस्तीने घेऊन आला. त्यांना बाजूला बसवून चहा दिला, तेव्हा कुठे कळलं. ट्रेडमिलवर वेग वाढवल्यावर छातीच्या डाव्या बाजूला मुंग्या आल्या होत्या, त्वचा बधिर लागत होती. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आतला टाका तुटला. बायपासमध्ये छातीच्या आतल्या बाजूची रक्तवाहिनी काढून हृदयाला जोडतात, तेव्हा तिथल्या बारीक नसा दुखावतात आणि कित्येक महिने असं बधिर वाटू शकतं. दोन मिनिटांत समजावण्यासारखी गोष्ट! पण डिस्चार्जच्या गडबडीत कुणी सांगितली नव्हती आणि त्यांनी विचारली नव्हती. पुढची सगळी सत्रं त्यांनी पूर्ण केली.

म्हणून वडिलांना "का जात नाही?" असं विचारू नका. "सहाव्या दिवशी तिथे काय झालं?" असं विचारा. धडधडलं का, धाप लागली का, मॉनिटर बघून कुणी काही बोललं का? शक्यतो समोर बसून विचारा, आणि आई स्वयंपाकघरात असताना. तिच्यासमोर ते कबूल करणार नाहीत.

आता "वेगळं काय" याबद्दल. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्यातून ३६ सत्रांचा खर्च मिळतो. तिथल्या तीस हजारांहून अधिक ज्येष्ठ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१० साली एक अभ्यास छापून आला. सगळी ३६ सत्रं केलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका २४ सत्रं केलेल्यांपेक्षा १४ टक्के आणि १२ केलेल्यांपेक्षा २२ टक्के कमी दिसला. आणि सगळी सत्रं पूर्ण करणारे होते जेमतेम १८ टक्के. म्हणजे मध्येच सोडणारे तुमचे वडील एकटे नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण अधिक बोलकं आहे. हार्ट अटॅकनंतरच्या रुग्णांसाठी योगावर आधारित रिहॅबची चाचणी भारतातल्या २४ रुग्णालयांत झाली, ३,९५९ रुग्ण होते, बारा आठवड्यांत १३ सत्रं. २०२० साली निष्कर्ष छापून आले. सगळे रुग्ण एकत्र धरले तर पुन्हा अटॅक, मृत्यू वगैरेंत ठोस फरक सिद्ध झाला नाही. मात्र १३ पैकी किमान १० सत्रांना आलेल्यांमध्ये हे प्रसंग जवळपास निम्म्याने कमी होते. नियमित येणारे मुळातच जरा धडधाकट असतील, हे मान्य. तरी हजेरीचं वजन त्यातून दिसतं, आणि मला रोजच्या कामातही तेच दिसतं.

घरचं चालणं वाईट मुळीच नाही. घरून केलेलं रिहॅब केंद्रातल्याइतकंच उपयोगी पडतं, असं अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलं आहे. पण ते ठरवून दिलेलं, वहीत लिहिलेलं आणि कुणीतरी दर आठवड्याला विचारणारं हवं. वेगाची खूण सोपी आहे: चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर जाऊ नका. बीटा ब्लॉकरची, म्हणजे हृदयाचे ठोके संथ ठेवणारी, गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही आणि माणूस फसतो.

केंद्र लांब असेल तर तिथे स्पष्ट विचारा: आठवड्यातून एकदा केंद्रात आणि उरलेले दिवस घरी, असं बसवून द्याल का? बरेच जण देतात. येण्याजाण्याचा त्रास आणि सोबतीला माणूस नसणं, या दोन कारणांनी मी जितके रुग्ण गमावलेत, तितके दुसऱ्या कशाने नाही. बायकांचं तर आणखी अवघड. ऑपरेशनमध्ये कापलेलं छातीचं हाड जुळतंय तोवर घरात पोळ्या सुरू झालेल्या असतात. आईंना कधी अशी वेळ आली तर हे लक्षात ठेवा.

आईंना विरोधात धरू नका, सोबत घ्या. एका सत्राला त्यांना आत बसू द्या. नवरा मॉनिटर लावून चालतोय, बाजूला डॉक्टर आहेत, हे डोळ्यांनी पाहिलं की बायकोची भीती आधी जाते. आणि वडिलांच्या सर्जनना त्यांना एक फोन करायला सांगा. मुलीच्या दहा फोनांनी होत नाही ते डॉक्टरांच्या एका वाक्याने होतं.

फक्त एक बघा. चालताना छातीत दाब येत असेल, पाय सुजत असतील, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं असेल, जखमेतून पाणी किंवा पू येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, व्यायाम नंतर. तसं काही नसेल तर सोमवारी केंद्रात फोन करा आणि सातव्या सत्राची वेळ घ्या. पहिल्यापासून सुरू करा असं कुणी म्हणणार नाही. त्या दिवशी जमलं तर तुम्ही स्वतः सोबत जा.