सरकारच गर्द देतं म्हणे!

प्रश्न : डॉक्टर, माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. मुंबईत ट्रकवर असताना गर्दची, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनची सवय लागली. तीनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. दर वेळी सुटून येतो, हळदीच्या पेठेत हमालीला जातो आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच. स्वित्झर्लंडमध्ये म्हणे डॉक्टरच हेरॉइन देतात. आई म्हणते, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! खरं काय?
– एक बहीण, सांगली

उत्तर : ताई, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही आईंसारखीच बोलले होते. पण किल्ल्या कुणी देत नाही हो. झुरिचच्या बागेत माणसं उघड्यावर सुया टोचून घेत होती, एड्स पसरत होता. तेव्हा १९९४ साली हे सुरू झालं, तेही हेरॉइनची तलफ शमवणाऱ्या मेथाडोनसारख्या औषधांनी ज्यांचं भागलं नाही अशांसाठी. दिवसातून दोन-तीनदा दवाखान्यात यायचं, नर्सच्या डोळ्यांदेखत टोचून घ्यायचं. माल शुद्ध, माप ठरलेलं, पैशासाठी चोरी नाही. २००८ साली तिथल्या ६८ टक्के मतदारांनी याला कायमची मान्यता दिली. मला हे पटतं. खर्चिक आहे, हेही खरं.

आपल्याकडे हेरॉइन औषध म्हणून मिळत नाही. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट मला दिसलीच नाही. तीन केंद्रांत मिळून भावाला ब्युप्रेनॉर्फिन कुणी दिलं का? गर्दची तलफ शमवणारी, जिभेखाली ठेवायची गोळी. टर्की लागल्यावरच, म्हणजे गर्द न मिळाल्यानं अंग तुटायला लागल्यावरच सुरू करायची. अंगात गर्द असताना घेतली तर हाल होतात. माझा एक पेशंट चार वर्षं ती घेतोय आणि कारखान्यावर नोकरी करतोय. शेजारी म्हणतात, एक नशा सोडून दुसरी धरली. म्हणू देत. त्याची बायको तसं म्हणत नाही.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. दोन महिने बंद राहिलं की शरीराची सवय मोडते, मन मात्र जुनंच माप मागतं. तेवढ्याच पुडीत श्वास थांबतो. ओठ निळे पडले, हाक मारून उठेना, तर लिंबू-पाणी करत बसू नका. १०८ लावा, आणि काय घेतलं ते लपवू नका.

त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, मिरजेत माझ्याकडे आलात तरी चालेल. तिन्ही केंद्रांचे कागद आणा. आईंनाही आणा, वाद माझ्याशीच घालू देत.