भाडं गोठवण्याआधी कायद्यात काय पाहावं

घरटंचाईवरच्या एका चर्चेत प्रश्न असा होता: घरमालक घरं अडवून बसतात म्हणून टंचाई आहे का, आणि भाडं गोठवलं तर ती सुटेल का? त्यावर कुणी म्हणालं, मालमत्तेचा हक्क मूलभूत आहे, सरकारने हात लावू नये.

हक्काचं आधी उरकून टाकू. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. आता कलम ३००अ आहे: कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येत नाही, बस. त्यामुळे भाड्यावर मर्यादा घालता येते. ती कशी घालायची, यावर सगळं अवलंबून आहे.

मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच 'प्रमाण भाडं', म्हणजे कायद्याने घेता येणारं भाडं, ठरवलं. घर त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने दिलं असेल, तर तेव्हाचं पहिलं भाडं. घात झाला तो या दुसऱ्या भागाने. नव्या इमारतीचं भाडंही पहिल्या दिवशीच गोठणार म्हटल्यावर भाड्यासाठी चाळी बांधणार कोण? बिल्डर मालकीच्या फ्लॅटांकडे वळले. जुन्या चाळींचा हिशोब करून बघा. समजा २० खोल्या आहेत आणि प्रत्येकीला महिना ३०० रुपये भाडं. म्हणजे वर्षाला ७२,००० रुपये. त्यात गच्चीची गळती, कुजलेल्या तुळया, जिना, पाण्याचे पाइप यांपैकी एक काम धड होत नाही. मालक डागडुजी थांबवतो, भाडेकरू ३०० रुपयांची खोली सोडत नाही, आणि खोलीची खरी किंमत पागडीतून, म्हणजे खोली देता-घेताना मोजल्या जाणाऱ्या एकरकमी पैशांतून, वसूल होते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठवणुकीला मनमानी ठरवलं. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीही अधिकृत केली. पण ३०० रुपयांचे ४ टक्के म्हणजे १२ रुपये!

सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये भाडेवाढीवरची मर्यादा १९८० पूर्वीच्या, चारपर्यंत घरं असलेल्या लहान इमारतींनाही लागू केली. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं की तिथले भाडेकरू खरंच टिकून राहिले, मात्र मालकांनी घरं विकून किंवा पाडून त्या इमारतींतल्या भाड्याच्या घरांचा साठा सुमारे १५ टक्क्यांनी घटवला आणि बाकी शहराचं भाडं चढलं. संरक्षण मिळतं, पण आत असलेल्यांना. बाहेरून येणारा त्याची किंमत मोजतो. (बर्लिनचा भाडं गोठवणारा २०२० चा कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला, हे उदाहरण मालमत्तेच्या हक्कासाठी देऊ नका. तिथे कोर्टाने फक्त राज्याला तो अधिकारच नाही, असं म्हटलं.)

आता अडवलेली घरं. २०११ च्या जनगणनेत शहरांत सुमारे १.१ कोटी घरं रिकामी होती आणि सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने २०१२ साठी टंचाई धरली १.८८ कोटी घरांची. वजाबाकी करायचा मोह आवरा. त्या टंचाईतली जवळपास दीड कोटी कुटुंबं बेघर नव्हती, दाटीवाटीने राहत होती, आणि ९५ टक्क्यांहून अधिक टंचाई दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. रिकामा फ्लॅट त्यांच्या खिशाला परवडणारा नसतो.

तयार फ्लॅट घेऊन भाड्याने दिला की घरांची संख्या तेवढीच राहते. नवं बांधलं तरच वाढते. म्हणून भाडं गोठवण्याच्या कायद्याचा मसुदा हातात आला की आधी नव्या बांधकामाला सूट आहे का ते बघा. मग वार्षिक वाढ महागाईशी जोडली आहे का, दुरुस्तीचा खर्च वेगळा धरला आहे का, भाडेकरू बदलल्यावर भाडं नव्याने ठरतं का, आणि भाड्याचं घर विक्रीला काढण्यावर काही बंधन आहे का. शेवटचं कलम बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि भाड्याची घरं तिथूनच कमी होतात.

घर रिकामं ठेवण्यामागे 'ताबा परत मिळेल का' ही धास्तीही असते. अकरा महिन्यांच्या करारांमागे हेही एक कारण असतं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट आहे आणि मुदतीनंतर राहिल्यास पहिले दोन महिने दुप्पट, पुढे चौपट भाडं. तो स्वीकारायचा की नाही, हे राज्यांवर आहे. महाराष्ट्रात आजही करार लेखी आणि नोंदणीकृत करणं बंधनकारक आहे, जबाबदारी मालकाची. नोंदणी टाळली आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी आधी खऱ्या धरल्या जातात.