पेंडेचा हिशेब केलात, मुताचा राहिला

प्रश्न : देपालपूरजवळ आमची पाच एकर शेती. दोन माळवी गायी, एक म्हैस. मी इंदुरात नोकरीला, गुरं आई बघते. पेंडेच्या भावात दूध परवडत नाही. लेक म्हणते, गुरांच्या ढेकरांतून मिथेन जातो, पृथ्वी तापते. सगळीच विकावीत का?
– एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : सगळी नकोत. तुमच्या पत्रात पेंड आहे, दूध आहे, लेकीचा मिथेनही आहे. शेणामुताचं नावही नाही.

पशुवैद्य असून मीही हेच केलं. नवी नोकरी, नवा उत्साह. काकांच्या गोठ्यात सिमेंटची फरशी घालायला लावली. गोठा लख्ख, मूत थेट नाल्यात. काका दोन पावसाळे गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या फरशीनं उकिरड्याचा जीव गेला." पिकांना लागणारं पालाश (पोटॅश) गुरांच्या पोटातून बरंचसं मुतातूनच बाहेर पडतं, नत्राचाही (नायट्रोजनचाही) मोठा वाटा. आणि हे शिकायला मला लांब जायचं नव्हतं. इथेच इंदुरात, १९२४ साली निघालेल्या शेती-संशोधन संस्थेत इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी, आपले यशवंत वाड यांनी कंपोस्ट खताची रीत बसवली होती : गुरांच्या पायाखाली माती पसरायची, ती मूत प्यायली की खरवडून काडीकचरा, शेण, थोडी राख यांच्या थरांत घालायची, तीन महिन्यांत तीनदा उलथायची. जगात तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात, आणि इंदूरचा डॉक्टर सिमेंट ओतत होता!

लेकीचं खरं आहे. पण भाकड गायही ढेकर देतेच, दूध मात्र देत नाही. म्हणून आधी दोन्ही गायी तपासून घ्या. दर एकवीस दिवसांनी माज दिसतो का, म्हणजे गाय फळायला येते का, हे आईला नक्की ठाऊक असेल. म्हैस अजिबात विकू नका. फॅटवर भाव मिळतो तिथे तीच घर चालवते, आणि जो भुसा माणसाच्या पोटाला चालत नाही त्याचं दूध करते. तिघींचं शेण रोज तीसेक किलो तरी निघेल. एक घनमीटरच्या गोबरगॅसला पंचवीस पुरतं, आणि उरलेली रबडी (पातळ शेणकाला) शेतात जातेच.

आईला विचारलंत का? सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही बहुधा तुमच्या खात्यात. दुधाचा तिच्या हातात पडत असेल.

गोठ्यात फरशी असेल तर फोडू नका. उताराच्या टोकाला खड्डा घ्या, कोरडी माती भरा, भिजली की बदला.