माळवदावर कोबा टाकलाय? घर पाडायच्या आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. तुमच्या धाकट्या भावाने व्हिडिओ बघून माळवदावर, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या सपाट छतावर, सिमेंटचा कोबा टाकला, माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढून हॉल केला, आता तुळई (छत पेलणारा आडवा लाकडी वासा) वाकलीय, दार चौकटीत अडकतंय आणि ठेकेदार म्हणतोय पाडून टाका. आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात जवळपास हेच झालं होतं, फक्त आमच्याकडे ते काम चुलत्यांनी काढलं होतं. घर आज उभं आहे, त्यात माणसं राहतात.

मी इंजिनिअर नाही. खालचं सगळं आमच्या घराचं आहे, तुमचं घर बघितल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगू नये. टेकू दिले असतील असं धरून चालतो. फक्त ते थेट शहाबादी फरशीवर उभे करू नका, खाली जाड फळी घाला, फरशी फुटली की टेकू ढिला होतो. आणि वाकलेली तुळई जॅक लावून एका दिवसात सरळ करायला जाऊ नका. आहे तिथे धरून ठेवा.

आता कोबा. आमचं सगळ्यात जास्त नुकसान यानेच केलं. चुलत्यांना वाटलं माळवद गळतंय, वर सिमेंट टाकलं की प्रश्न मिटला. गळत होतं ते पन्हळ तुंबून पाणी कडेला साचत होतं म्हणून. पन्हळ साफ करून उतार नीट केला असता तर भागलं असतं. त्याऐवजी जुनी माती तशीच ठेवून वर चार इंच काँक्रीट आलं. हिशोब करा: फूटभर जाडीची माती चौरस फुटाला 45 ते 50 किलो भरते. चार इंच काँक्रीट त्यावर आणखी साधारण 24 किलो टाकतं. 10 बाय 12 च्या खोलीवर हे जादाचं वजनच पावणेतीन टनांच्या पुढे जातं, आणि ते पेलायचं कुणी? आजोबांच्या वडिलांनी बसवलेल्या सागवानी तुळईने. त्यात तुम्ही खालची भिंतही काढली आहे.

वजनापेक्षा वाईट म्हणजे ओल. सोलापूरच्या उन्हात कोब्याला भेगा पडतातच. पावसाचं पाणी त्या भेगांतून आत जातं, माती ते धरून ठेवते आणि वरून झाकलेली असल्यामुळे वाळत नाही. ओल सरकत जाते तुळईच्या टोकाकडे, जिथे ते भिंतीत शिरतं. आमच्याकडे सुताराने तिथला गिलावा थोडा काढून पेचकस दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून तुळई ठणठणीत होती, रंगही शाबूत, आणि आतलं टोक वाळवीने खाऊन टाकलेलं. म्हणून मधला बाक बघत बसू नका, दोन्ही टोकं उघडून बघा.

टोक गेलं म्हणजे तुळई गेली असं नाही. आमच्या इंजिनिअरने सडलेला भाग काढून दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल बोल्टने आवळले आणि भिंतीत त्याला काँक्रीटची बैठक दिली. कोबा मात्र छिन्नी-हातोड्यानेच काढा, ब्रेकर मशीन आणू देऊ नका, हादऱ्याने मातीत बांधलेली भिंत सुटते. दोन्ही बाजूंनी सारखा काढा आणि राडारोडा माळवदावरच ढीग करून ठेवू नका. काम दिवाळीनंतर काढा, वळवाच्या पावसाआधी छत झाकलं गेलं पाहिजे.

ज्या कार्यालयात दुरुस्तीची परवानगी मागायला गेलो त्याचं नाव घेत नाही. मिळकत पत्रिकेवर आजोबांच्या पश्चात सगळ्यांची नावं लागलेली. पुण्याला, हैदराबादला गेलेल्या प्रत्येक हिस्सेदाराची संमती आणा म्हणाले. आणली. तोवर साहेब बदलले, नव्यांना नवे नकाशे हवे. असं करत ऑक्टोबर 2020 उजाडला. त्या पावसात पंढरपूरला घाटाची भिंत कोसळून माणसं गेली, आठवत असेल. आमच्या छताच्या मागच्या खणाची, म्हणजे दोन तुळयांमधल्या भागाची, माती त्याच पावसात खाली आली. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. आजही आठवलं की संताप होतो. कागद हलवणाऱ्यांना त्या छताखाली झोपायचं नव्हतं. तुम्ही अर्ज लेखीच द्या, आवक क्रमांक घ्या, सोबत तुळईचे तारखेसह फोटो जोडा. आणि धोकादायक इमारतीची नोटीस आली तर घाबरून पाडायला धावू नका. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 मध्ये पाडणे, सुरक्षित करणे किंवा दुरुस्त करणे हे तिन्ही आहे. नोटिशीत नेमकं काय लिहिलंय ते वकिलाकडून वाचून घ्या.

पाडा म्हणणाऱ्या ठेकेदाराबद्दल माझं मत कडक आहे. जुनं सागवान त्याच्या डोळ्यासमोर असतं. सगळेच तसे नसतील, पण ज्याला पाडण्यात पैसा आहे त्याच्याकडून पाडावं की नाही हा सल्ला घेऊ नये. बांधकामात हितसंबंध नसलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर पैसे देऊन बोलवा, ओळखीत कुणी नसेल तर सोलापूरच्या वालचंद कॉलेजच्या सिव्हिल विभागात विचारून बघा. त्याने सगळं बघून पाडाच म्हटलं, तर मात्र ऐका.

फोटोत आतल्या भिंतींना नवा सिमेंटचा गिलावा दिसतोय. नाण्याने वाजवून बघा, पोकळ आवाज येतो तिथे मागे बहुतेक ओल आणि लोणा (भिंतीतून फुटणारे क्षार) असणार. दगड-मातीच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा मानवतो, त्यातून ओल बाहेर पडते. चुन्याचं काम येणारे गवंडी कमी राहिलेत, पण आहेत, जुन्या मंदिरांची डागडुजी करणाऱ्यांना विचारा. आणि गिलाव्यावर बोअरचं खारं पाणी मारू देऊ नका, क्षार त्यातूनही येतात.

हे सगळं नंतरचं. आईची खाट त्याच खोलीत आहे असं लिहिलंय, ती आज रात्रीच ओसरीत घ्या.