सरदार घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं तर जावयाला पदवी किंवा गादी का मिळत नाही?

नाहीच मिळत. सुनेला मिळते, जावयाला नाही. लग्न करून संस्थानिकाच्या घरात आलेली बाई राणीसाहेब होते, पण त्याच घरच्या मुलीचा नवरा आपल्या बापाच्या नावावरच राहतो. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर एवढंच. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, 'मुलगी परक्या घरी जाते, ही आपली फार जुनी रीत आहे.' ते वाचून मला राहवलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी पदवीचं. मराठेशाहीत बाप गेला म्हणून मुलगा आपोआप पदाधिकारी होत नसे. जन्माने फक्त दावा मिळे, पद मिळे ते छत्रपतींकडून वस्त्रं, म्हणजे नेमणुकीचा मानाचा पोशाख, आली की. १७२० साली बाळाजी विश्वनाथ वारले तेव्हा दरबारात कुरकुर होती, तरी शाहू महाराजांनी पेशवेपदाची वस्त्रं त्यांच्या मुलाला, बाजीरावांना दिली. पुढे पेशवाई त्याच घरात मुरली, पण वस्त्रांचा रिवाज सुटला नाही. सवाई माधवराव १७७४ मध्ये अवघ्या चाळीस दिवसांचे असताना त्यांच्यासाठीही ती आणवावी लागली. वर नजराणा असेच. आईचं लग्न कसं झालंय तेही बघितलं जाई. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर पानिपतावर लढला आणि तिथल्या जखमांनी मेला, पण पेशवाईच्या वारसांत त्याचं नाव कधी आलं नाही. त्याच्या मुलाला, अलीबहाद्दराला, पुढे बुंदेलखंडात बांद्याला आपलं वेगळं बस्तान बसवावं लागलं.

आता बायकांकडे या. लग्नाने आलेल्या बाईची खरी ताकद नवरा गेल्यावर दिसायची. गुजरातेत डभईच्या लढाईत १७३१ मध्ये सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावाला मिळालं आणि कारभार आई उमाबाईंनी पाहिला. बडोद्याच्या जमनाबाईंनी १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा पोर दत्तक घेतला, तेच सयाजीराव महाराज. कोल्हापूरच्या आनंदीबाईंनी १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा मुलगा मांडीवर घेतला, ते राजर्षी शाहू महाराज. आणि इंग्रजांना राज्य गिळायचं होतं तेव्हा त्यांनी नेमकं दत्तकावरच बोट ठेवलं. सातारा १८४८ ला गेलं, नागपूर आणि झाशी १८५४ ला. म्हणजे बाहेरून आलेली सून पुढचा राजा ठरवू शकत होती, आणि त्याच वाड्यात जन्मलेल्या मुलीला कुणी विचारतही नव्हतं.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका गावचे पाटील. १९६२ च्या कायद्याने पाटीलकी गेली, पण गावात मान राहिला. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून आमचाच बैल पहिला जायचा. आदल्या दिवशी खांदेमळणी. वडील स्वतः हळद-तूप घेऊन बसायचे आणि जू घासून काळा पडलेला खांदा बोटांनी दाबत चोळायचे, बैल मान खाली घालून उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, पाठीवर आजीने शिवलेली आरशांची झूल. मला भाऊ नाही. वडील गेले त्या वर्षी आईने पदर खोचला, कासरा धरला आणि बैल वेशीत नेऊन उभा केला. विधवा बाई मानाच्या बैलापुढे, यावर कुजबुज झाली, पण पाटलीणबाईंना आडवं जायची कुणाची छाती झाली नाही.

आई गेल्यावर मी सासरहून पोळ्याला गेले. बैल आमचा, वाटेकऱ्याने सजवून ठेवलेला. वेशीत चुलत्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "तू दिल्या घरची. वहिनीची गोष्ट वेगळी होती, ती या घरात आलेली." मी म्हटलं, "आणि मी या घरात जन्मले, त्याचं काय?" त्यावर ते फक्त म्हणाले, "पूर्वीपासून असंच आहे." चुलतभावाने माझ्या हातातला कासरा काढून घेतला, माझा बैल बाजूला घेतला आणि स्वतःचा तोरणाखालून नेला. सगळं गाव बघत होतं. एक जण बोलला नाही.

'पूर्वीपासून' म्हणजे कधीपासून, ते मला आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत सापडलं. वतनाच्या, म्हणजे पाटीलकीच्या वंशपरंपरागत हक्काच्या, कागदांत एक हुकूम होता. आजोबांच्या एका चुलतबहिणीचा हक्क डावलून दूरच्या भाऊबंदाचं नाव लावलेलं, आणि कारण म्हणून १८८६ चा मुंबई सरकारचा पाचवा कायदा. वकिलाकडून तो समजून घेतला. शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली तर घरातली कुठलीही बाई, आणि बाईच्या नात्याने हक्क सांगणारा कोणीही, घरातल्या सगळ्या पात्र पुरुषांच्या मागे. विधवा चालेल, लेक नाही. चुलते वेशीत बोलले ते शब्दाशब्दाने हेच. ज्याला ते बापजाद्यांची रीत म्हणतात, तिच्यावर गोऱ्या सरकारचा शिक्का आहे.

मुलीला गादी देऊन घराणं बुडतं म्हणणाऱ्यांनी भोपाळ बघावं. १८१९ पासून १९२६ पर्यंत तिथे बेगमांनी राज्य केलं, आईनंतर मुलगी, अशा चार; मधली १८३७ ते १८४४ ही वर्षं तेवढी सिकंदर बेगमेचा नवरा नवाब होता. जावई होतेच की! शाहजहान बेगमेच्या दुसऱ्या नवऱ्याला, सिद्दीक हसन खानांना, नवाब हा किताब मिळाला होता आणि १८८५ मध्ये इंग्रजांनी तो काढूनही घेतला. बेगम बेगमच राहिली. तेव्हा तुमच्यासारख्या जावयाला फार तर मानाची उपाधी मिळू शकते, तीही देणाऱ्याच्या मर्जीवर. मुळात जावयाला काय मिळतं यापेक्षा लेकीला का मिळत नाही हे विचारा. तुमच्या सासरेबुवांनाच विचारा.

१८८६ च्या आधी मुली सर्रास पाटीलकी चालवत होत्या असं मात्र मी म्हणत नाही. भावकी तेव्हाही त्यांना मागे ढकलायची, पण निदान भांडायला जागा होती. शिवाय देवस्थानचे मान आणि इनामं यांचे नियम वेगळे, ते इथे लावू नका. आणि आज या सगळ्या पदव्यांना कायद्यात काडीची किंमत नाही. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही संपले. पत्रिकेवर 'श्रीमंत', 'राजे' काहीही छापा, कोणी अडवत नाही.

जमिनीचं मात्र तसं नाही. तिथे लेकीचा हक्क खरा आहे आणि २००५ पासून वडिलोपार्जितातही मुलाइतकाच आहे. आमचा सातबारा सामाईक. पोळ्याला माझा बैल अडवला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच चुलतभावाने हक्कसोडपत्र पुढे केलं. 'माहेर तुटायला नको' म्हणाला. मी सही केली नाही, तलाठ्याकडे वारस नोंद करून घेतली. तुमच्या बायकोपुढेही असा कागद येईल. गोड बोलून येईल, बहुतेक राखीपौर्णिमेला नाहीतर भाऊबीजेला. तिला सही करू देऊ नका, आणि तुम्ही स्वतः तर तिच्यावर त्यासाठी अजिबात दबाव आणू नका.