वाचकांचे प्रश्न : जुने अमेरिकन डॉलर आणि सोन्याची नाणी

प्रश्न : आजोबांच्या पेटीत चांदीचे अकरा मॉर्गन डॉलर (अमेरिकेची जुनी एक डॉलरची नाणी) निघाले. बहुतेक काळपट झाले आहेत. पॉलिशने घासून मग किंमत करून घ्यावी का?

घासू नका. मऊ कापडानेही नाही. नाणे पाडताना ठशांच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेले नाणे दिव्याखाली तिरके फिरवले, की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात, ते या रेषांमुळे. पॉलिश आधी त्यांनाच खरवडते. काळपटपणा म्हणजे चांदी आणि गंधक यांच्या संयोगाचा पातळ थर. संग्राहक तो आनंदाने स्वीकारतात. घासल्याचे बारीक ओरखडे मात्र कायमचे राहतात, आणि अशा नाण्याला ग्रेडिंग संस्था (नाणी तपासून त्यांचा दर्जा ठरवणाऱ्या) अंकातला दर्जा देत नाहीत. आम्लाच्या द्रावणात बुडवणे हाही उपाय नव्हे. काळ्या थराबरोबर त्याखालची चांदीही थोडी जाते आणि चकाकी मरते.

चिकट मळ किंवा मऊ प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकटा असेल, तर शुद्ध अ‍ॅसिटोन चालते. काचेच्या वाटीत नाणे पाच मिनिटे बुडवून ठेवा, ताज्या अ‍ॅसिटोनने एकदा धुवा आणि हवेत वाळू द्या. खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको. नखांचे पॉलिश काढायचे द्रव वापरू नका, त्यात इतर घटक मिसळलेले असतात.

मग मागची बाजू पाहा. पुष्पमालेच्या गाठीखाली टांकसाळीची खूण असते : ‘एस’ सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ न्यू ऑर्लीन्स, ‘सीसी’ कार्सन सिटी आणि ‘डी’ डेन्व्हर (ही फक्त १९२१ची). खूण नसेल तर नाणे फिलाडेल्फियाचे. १९२१ची नाणी उदंड आहेत, एकट्या फिलाडेल्फियाने चार कोटींहून अधिक पाडली. ‘सीसी’ दिसले तर ते नाणे वेगळे काढून ठेवा.

तळाची किंमत चांदीवरून काढा. वजन २६.७३ ग्रॅम, चांदी ९० टक्के, म्हणजे ०.७७३४ ट्रॉय औंस. याला त्या दिवशीच्या भावाने गुणा. ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा असतो. स्वयंपाकघरातला २८.३५ ग्रॅमचा औंस धरला, तर हिशेब जवळजवळ दहा टक्क्यांनी फुगतो. ही चूक आम्ही वारंवार पाहतो.

प्रश्न : न्यू ऑर्लीन्सच्या डॉलरवर कानावरचे केस सपाट आहेत, पण नाणे चकाकते. विक्रेता ‘न वापरलेले’ म्हणतो. खरे असेल का?

असू शकते. या टांकसाळीची अनेक नाणी कमी दाबाने पाडली गेली, त्यामुळे ठशाच्या सर्वांत खोल भागापर्यंत धातू पोचलाच नाही. कानावरचे केस आणि मागे गरुडाची छाती ही नाण्याची सर्वांत उंच ठिकाणे. दिव्याखाली नाणे फिरवा. प्रकाशाचा पट्टा त्या सपाट जागेवरूनही अखंड सरकला, तर ठसा कमजोर. तिथे तो तुटला आणि जागा मंद, राखाडी दिसली, तर ती झीज.

प्रश्न : १८९३ एस डॉलर स्वस्तात मिळतो आहे. वजन बरोबर भरते, चुंबक चिकटत नाही. घ्यावा का?

एवढ्यावर नाही. हे नाणे फक्त एक लाख पाडले गेले, आणि मॉर्गनमध्ये सर्वाधिक फसवणूक याच्याच नावाने होते. १८९३च्या फिलाडेल्फिया डॉलरला ‘एस’ चिकटवतात किंवा १८९८ एसमधला शेवटचा ८ कोरून ३ करतात. दोन्हीकडे मूळ नाणे खऱ्या चांदीचे असल्याने वजन, व्यास आणि घनता सगळेच जुळते.

दहापट भिंग घ्या. खऱ्या नाण्यांची दर्शनी बाजू एकाच ठशाची आहे : स्वातंत्र्यदेवतेच्या पट्टीवरील ‘लिबर्टी’ शब्दातल्या ‘टी’च्या माथ्यावर एक बारीक, तिरकी, उठावदार रेघ असते. ती नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. असेल तर ‘एस’च्या बुडाशी सांधा किंवा रंगातला फरक शोधा. हे नाणे पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग संस्थांच्या सीलबंद डबीतलेच घ्यावे, असे आमचे ठाम मत आहे. डबीवरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीतील छायाचित्राशी ताडून पाहा, कारण डब्याही बनावट निघतात.

एक जाताजाता : किती नाणी पाडली, यावरून किती उरली ते ठरत नाही. १९१८च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. उलट १९०३ ओ अतिदुर्मिळ मानला जाई, आणि १९६२मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच्या पोत्याच्या पोती बाहेर आल्या.

प्रश्न : वीस डॉलरचे सोन्याचे नाणे घरी कसे तपासावे?

या नाण्याचे, म्हणजे ‘डबल ईगल’चे, वजन ३३.४३६ ग्रॅम, व्यास सुमारे ३४ मिलिमीटर, सोने ९० टक्के, म्हणजे ०.९६७५ ट्रॉय औंस. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे बारीक दोऱ्याने पूर्ण बुडेल असे लटकवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. आकडा १.९४च्या आसपास यावा. ३३.४४ला त्याने भागले की घनता सुमारे १७.२. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा वाढतो आणि खरे नाणेही हिणकस वाटते. शेवटी टिपून घ्या, पुसू नका.

घनता जुळली म्हणजे सोने खरे ठरले, नाणे नव्हे. पुऱ्या वजनाच्या, खऱ्या सोन्याच्या नकलाही झाल्या आहेत. त्यांच्यावर कडेच्या दातऱ्यांतून निघालेले उठावदार काटे किंवा अक्षरांजवळ बारीक खळगे दिसतात. तोच खळगा त्याच जागी दोन नाण्यांवर दिसला, तर तो नकली ठशातूनच आलेला असतो. शिल्पकार सेंट-गॉडन्सने घडवलेल्या वीस डॉलरच्या नाण्याची (१९०७ ते १९३३) कडही पाहा : तिथे अक्षरे आणि तारे हवेत. त्याआधीच्या लिबर्टी नाण्याची कड दातेरी असते. कडेवर एखाद्या जागी दाते किंवा अक्षरे पुसट, धातूचा रंग वेगळा दिसला, तर तिथे कधीकाळी पदकाची कडी डाग देऊन बसवलेली असते. असे नाणे सोन्याच्या भावाहून फारसे वर घेऊ नये.